रातभर आवळलेली दोरी

(सांगलीतला एक दवाखाना. गुडघा बदलायच्या दिवशीची सकाळ. खाटेवर जतच्या बाजूच्या धोंडुबाई, स्टुलावर त्यांचे मालक नानासो, आणि हातात शाईचं पेन घेऊन उभ्या, डोंगरातल्या मेढ्याच्या डॉक्टर क्रांती. तिघांपैकी कुणाचंही तोंड अजून बंद झालेलं नाही.)

डॉ. क्रांती : तसं नाही आजी, तुमच्या तोंडानं सांगा. कुठला पाय?

धोंडुबाई : म्हंजी तुमास्नी म्हाईत न्हाई? आवं, ऐकलंसा का? ह्या बायलाच म्हाईत न्हाई कुटला पाय कापायचा. उटा, पिशवी घ्या, जाऊया घरला.

डॉ. क्रांती : मला माहीत आहे. पण सुरी लावायच्या आधी पेशंटला विचारायचं आणि खूण करायची, असा नियम आहे.

धोंडुबाई : मेंढरं इकायच्या आदी आमी बी पाठीवर रंगाची खूण करताव. फकस्त मेंढराला इचारत न्हाई. उजवा घ्या.

नानासो : उजवाच, डाक्टरीणबाई. नागाचा पाय.

डॉ. क्रांती : कसला पाय?

धोंडुबाई : यव्वा! झालं! बाय, काय बी इचारू नगा ह्यास्नी. एकदा नाग बिळातनं भाईर आला की दुपारपातूर तुमचं आप्रेशन न्हाई व्हायाचं.

डॉ. क्रांती : थांबा थांबा. लुगडं जरा वर घ्या. अजून. हा वण कसला? मांडीला सगळीकडनं गोल? पहिल्या दिवशीच्या तपासणीत हा कसा नाही दिसला?

धोंडुबाई : त्या दिवशी मिशी बी न फुटल्याला पोरगा डाक्टर हुता. त्याला मांडी दावू व्हय मी ह्या वयात? गुडगा दुकतोय, गुडगा बग म्हनलं.

नानासो : ती माजी दोरी हाय, बाई. शेळीच्या केसाची. ह्या हातानं वळल्याली. भात्तर सालच्या दुष्काळात ही नवी नवरी. लांबच्या झऱ्यावर पान्याला गेल्याली. दिस कलला आन् हिनं आरोळी ठोकली. म्या मेंढरं टाकून पळालो. बगतोय तर नाग! ह्यो येवडा! फना काडून डुलतोय.

धोंडुबाई : गेल्या साली दारायेवडा हुता. दर पावसाळ्यात हातभर वाढतुया. आनि चार वर्सं ह्ये जगलं तर त्या नागाला यष्टीत सुदिक जागा मिळायची न्हाई.

नानासो : हिच्या बोलन्याकडं ध्यान देऊ नगासा. म्या कमरंची दोरी सोडली आन् हिची मांडी आवळली. अशी आवळली की गाठ सोडाय चार माणसं लागावीत. खांद्यावर टाकून बिरोबाच्या देवळात न्हेली. आमच्यात रीत हाय, बाई. देवाच्या अंगावर फुलं चिकटवायची. उजव्या अंगाचं फूल पडलं की देवाचा कौल मिळाला. तवर दोरी सोडायची न्हाई. रातभर ढोल. रातभर दोरी. तांबडं फुटलं, फूल पडलं, दोरी सुटली, बायकू उटून बसली! सगळी वाडी आजून म्हनती, नानानं यमाच्या दारातनं वढून आनली.

धोंडुबाई : वढून आनली, आन् पाय तितंच ठेवला.

डॉ. क्रांती : आजी, दोन्ही पायांचे अंगठे वर करा बघू. डोक्याकडं. डावा छान. उजवा?

धोंडुबाई : येवडाच हुतोय त्यो. पयल्यापासनं. चप्पल पायात टिकत न्हाई. म्हनून तर लंगडत चालली, आन् लंगडून लंगडून ह्यो गुडगा झिजला. सगळं ह्यांच्या त्या शेळीच्या केसाचं पुण्य.

डॉ. क्रांती : आणि दोरी खरंच रात्रभर होती?

नानासो : रातभर.

डॉ. क्रांती : मग आज नाही करता येणार.

धोंडुबाई : काय न्हाई करता येनार?

डॉ. क्रांती : ऑपरेशन. ऐका, नीट सांगते. गुडघा उघडायच्या आधी आम्ही मांडीला पट्टा बांधतो. बीपी बघताना दंडाला बांधतात ना, तसाच, पण लई जोराचा. हवा भरली की खालचं रक्त थांबतं. मग झिजलेलं हाड कापायचं, वर नवीन धातूचा सांधा बसवायचा, आणि तो सिमेंटनं पक्का करायचा. हाड ओलं असलं, रक्त झिरपत असलं, तर सिमेंट नीट धरत नाही.

नानासो : शिमिट? गुडग्यात?

डॉ. क्रांती : हाडासाठीचं वेगळं असतं, आजोबा.

धोंडुबाई : आन् पाणी कोन मारायचं? घरकुल बांदलं तवा ह्यास्नी म्हनलं, भिताडाला दोन टाइम पाणी मारा. ह्ये पारावर बसून नाग सांगत बसलं. निम्मं भिताड खरवडलं. माज्या गुडग्याचं तसंच व्हायाचं.

डॉ. क्रांती : पाणी नाही मारायचं. थोड्या वेळात त्याचा दगड होतो. प्रश्न सिमेंटचा नाही, पट्ट्याचा आहे.

धोंडुबाई : पट्ट्याचा सवालच न्हाई. मांडीला परत कायबी बांदू द्यायची न्हाई मी. एकदा बांदून घेतलं, तेवडं ह्या जल्माला बास.

डॉ. क्रांती : पट्टा न बांधताही करतात. मीही करते. हाड धुवायचं, कोरडं करायचं, हात जरा जपून चालवायचा, होतं. पण आजी, रात्रभर आवळलेल्या पायाच्या रक्तवाहिन्या आतून कशा असतील सांगता येत नाही. जखमेला रक्त पोचलं नाही तर ती भरत नाही. चिघळली तर सांधा काढावा लागेल, कदाचित पायसुद्धा. पुण्याला रक्तवाहिन्यांचे डॉक्टर आहेत. त्यांना दाखवून या, मग दिवाळीनंतर बघू.

धोंडुबाई : दिवाळी! बाय, मला खाटंवरनं उतराया दोन सुना लागत्यात. परसाकडं जायाचं म्हनलं तर एक फुडं, एक मागं. भाईर दोघी मोबाइल बगत हुब्या ऱ्हात्यात आन् आत मी देवाला म्हनती, बाबा, उचल. मला काय डोंगर चढायचं न्हाईत. मला एकटीनं परसाकडं जायाचंय. एवडंच मागनं हाय आन् तुमी दिवाळी दावताय!

डॉ. क्रांती : कळतंय मला. पण—

धोंडुबाई : काय कळतंय? तुमच्या मागं कोन लोटा घिऊन हुबं ऱ्हातंय?

नानासो : धोंडे, जीब आवर. डाक्टर हायती त्या.

धोंडुबाई : तुमी गप बसा! तुमच्या त्या रातभरनं घात केला. काय गरज हुती रातभर म्हनायची? थोडा येळ म्हनला आसता तर बाय आत्ता सुया टोचत बसली आसती.

डॉ. क्रांती : एक मिनिट. मला एक गोष्ट पटत नाही. पावलाचे ठोके मी आत्ताच बघितले. चांगले लागतात. रात्रभर असा आवळलेला पाय सकाळी काळानिळा पडतो, कापायची वेळ येते. तुमचा नुसता अंगठा कमजोर आहे. आजोबा, दोरी खरंच रात्रभर होती का?

नानासो : म्हंजी... व्हती तर रातभरच की.

धोंडुबाई : व्हती, पर सैल व्हती.

डॉ. क्रांती : सैल?

धोंडुबाई : आता सांगतीच, मग माजं काय बी हुवू दे. आजपातूर कुनाला बोलले न्हाई, ह्यांची रातभर मोडंल म्हनून. पारावर बिचाऱ्याला दुसरं काय हाय सांगाया? दिवं लागायच्या वक्ताला, ढोल चालू व्हता, आन् माजी दोरी आपसूक सैल झाली. गाठ तशीच दिसायची, पर मांडी मोकळी. पायात मुंग्या आल्या, मंग आग आग झाली. कुनी म्हनून हात लावला न्हाई. बिरोबानं सैल केली.

डॉ. क्रांती : बिरोबानं.

धोंडुबाई : हासू नगा. दर साली बकरं देती मी त्याला त्यापाय. ह्यास्नी म्हनती, पोराबाळांच्या नावानं देती.

डॉ. क्रांती : हसत नाही. पण मला सांगा, तुम्हाला नाग चावलेला, आणि दिवे लागताना दोरी सैल झालेली कळली. म्हणजे तुम्ही चांगल्या शुद्धीवर होतात?

धोंडुबाई : हुती. मदनं मदनं.

डॉ. क्रांती : चावला कुठं?

धोंडुबाई : टाचंला.

डॉ. क्रांती : पाय सुजला? पापण्या जड झाल्या? जीभ जड झाली?

नानासो : जीब? हिची? कवाच न्हाई!

डॉ. क्रांती : आजी, नागाचं विष भिनलं असतं तर ना दोरीनं वाचला असतात ना ढोलानं. साप चावल्यावर दोरी बांधायचीच नसते, ती गोष्ट वेगळी. मला त्या नागाशी काही देणंघेणं नाही. पण विषानं आतलं मांस सडलं होतं, की नुसता दोरीचा दाब होता, हे कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. खरा नाग होता का?

धोंडुबाई : हुता.

डॉ. क्रांती : तुम्ही डोळ्यांनी बघितला?

धोंडुबाई : हुता म्हनते न्हवं! पंचमीला सगळ्या वाडीच्या बायका माज्या पाया पडत्यात, त्या काय उगंच? नागानं सोडल्याली म्हनत्यात मला. कुनाला साप डसला की माणूस उचलून माज्या दारात आनत्यात, पाय लाव म्हनत्यात.

डॉ. क्रांती : आणि तुम्ही लावता?

धोंडुबाई : पयलं शिव्या घालते. जीप काडायला लावते. म्हनते, सरकारी दवाखान्यात न्या, सुई टोचून आना, मग लावते पाय.

डॉ. क्रांती : का? तुमच्या पायात तर नागाचा गुण आहे ना?

धोंडुबाई : ... बाय, तुमी वकील व्हायाला पायजे हुतं.

डॉ. क्रांती : आजी, शेवटचं विचारते. नाग होता?

धोंडुबाई : हुता.

नानासो : काटा हुता.

धोंडुबाई : आँ?

नानासो : बाबळीचा काटा हुता, डाक्टरीणबाई. बोटायेवडा. टाचंत मोडल्याला.

धोंडुबाई : आवं, येड लागलं का तुमास्नी? नाग हुता! तुमी सोता सांगताय न्हवं, फना काडून डुलत हुता!

नानासो : डुलत हुता म्या सांगताना. तितं कायबी न्हवतं. फुटल्याली घागर हुती आन् तू हुतीस.

धोंडुबाई : तुमाला... कवा कळलं?

नानासो : देवळात. घोंगड्याखाली तुजा पाय दाबत बसलो हुतो. टाचंत बोटाला टोक लागलं. नखानं वढलं तर तू 'आई गं' म्हनलीस. बेसुद माणूस आई गं म्हनत न्हाई, धोंडे. तवा दिवं लागत हुतं. हळूच हात वर न्हेला, गाठ उसवली, आन् परत दिसायाफुरती सैल बांदली. पुजाऱ्याला बी कळलं न्हाई.

धोंडुबाई : ती दोरी तुमी सैल केलीसा?

नानासो : मग बिरोबा काय घोंगड्याखाली शिरला हुता व्हय?

धोंडुबाई : आन् मी पन्नास वर्सं बकरी कापली त्याच्या फुडं! दर साली! तुमास्नी म्हाईत हुतं आन् गप बसलासा?

नानासो : गप कुटं बसलो? मटान खात हुतो की.

डॉ. क्रांती : आजी, हसू का आता?

धोंडुबाई : हासा. सगळी हासा. आन् बाय, तुमी बी ऐका मग. घागर फुटली हुती माजी. मातीची, सासूनं म्हायेराहून आनल्याली. दुष्काळाचं पाणी, अर्दा दिस झऱ्यात वाटीनं भरल्यालं, सगळं धुळीत. काटा घुसला आन् तोल गेला. आत्याबाईंचा हात लय कडक. घरला जाऊन काय सांगू? तोंडात आलं, साप. येकदा वरडली, आन् ह्ये खुळं दोरी घिऊन पळत आलं. मागनं सगळी वाडी. मग कसं सांगायचं, न्हाई म्हनून? डोळं मिटून पडली.

नानासो : आईनं मारलं आसतं हे खरं. पर आई त्या रातीला देवाफुडं डोकं आपटत हुती, म्हाईत हाय का? सुनेला सोड म्हनत हुती. मला न्हे म्हनत हुती.

धोंडुबाई : आत्याबाई?

नानासो : तू डोळं मिटल्यालं. तुला कसं दिसायचं? त्या दिसापासनं तिनं तुला झऱ्यावर धाडली का कवा? अंगाला हात लावला? नागानं सोडल्याली सून म्हनून जपली. म्हनून म्या नाग वाडवत न्हेला. बारका ऱ्हायला आसता तर कुनीतरी इचारलं आसतं, खरंच हुता का.

डॉ. क्रांती : बापरे. आजोबा, आणि आज तो नाग इतक्या सहज मोडीत काढलात?

नानासो : त्यापाय तिचा पाय अडलाय न्हवं. आता हिला मारायला कोन बसलंय? आई जाऊन ईस पंचम्या झाल्या.

धोंडुबाई : पर मी... मी तुमास्नी काय काय बोलली. लग्नकार्यात, सुनांम्होरं, जावायाम्होरं. तुमच्या दोरीनं माजा पाय खाल्ला म्हनून. तवा तरी सांगायचं हुतं, काटा हुता, तूच खोटी म्हनून. तोंड शिवलं हुतं का तुमचं?

नानासो : खोटं काय बोललीस? पाय दोरीनंच गेला की. बांदली म्याच. लय आवळली. भ्यालो हुतो मी, धोंडे. नवी नवरी, चार म्हैनं झाल्यालं. वाटलं, गेली.

डॉ. क्रांती : ... बरं. आजी, डोळे पुसा, नाहीतर भूल देणारे सर मला रागावतील, पेशंटला रडवलं म्हणून. म्हणजे विष नाही. दोरी दुपार कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत. दाबानं अंगठा हलवणारी नस जरा दुखावली, म्हणून तो उचलत नाही. ठोके चांगले आहेत. तरी तुमच्या बिरोबावर आणि तुमच्या मालकांवर मी विश्वास ठेवणार नाही. पायाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी इथंच खाली होते, आत्ता करून घेऊ. ती स्वच्छ आली तर ऑपरेशन आजच.

धोंडुबाई : आजच?

डॉ. क्रांती : आजच. पण आधीच सांगते, नवीन गुडघ्यानं मांडी घालून बसायचं नाही. परसाकडं उकिडवं बसायचं नाही. कमोड बसवून घ्या.

नानासो : बशिवलाय. पोरानं दोन म्हैन्यामागंच बशिवलाय.

धोंडुबाई : त्याच्यावर ह्येच बसत्यात पेपर घिऊन. लिवायवाचायला येत न्हाई, पर पेपर लागतुया.

नानासो : चित्रं बगतो मी.

डॉ. क्रांती : घरी गेल्यावर भांडा. आता पट्ट्याचं. ही नस एकदा दबलेली आहे, म्हणून हाड कापताना मी पट्टा बांधणारच नाही. रक्त आलं तर येऊ दे, तेवढं आम्ही सांभाळतो. सिमेंट बसवताना मात्र, ते घट्ट होईस्तोवर, थोडाच वेळ बांधला तर मला बरं पडेल. तोही कमी दाबानं. धरलं की लगेच सोडते. तुम्हाला भीती वाटत असेल तर तेवढाही नको. तुम्ही म्हणाल तसं.

नानासो : नगं म्हन, धोंडे. बाई बिनपट्ट्याचं करते म्हनत्यात न्हवं. कशाला परत?

धोंडुबाई : कंबरंच्या खाली सगळं बधिर करनार म्हंता. मग मला कळायचं कसं, बांदलाय का सोडलाय?

डॉ. क्रांती : तुम्हाला नाही कळणार. पण तुम्ही जाग्या असाल. मी बांधताना सांगेन, सोडताना सांगेन.

धोंडुबाई : तुमी सांगशीला. तुमी डोंगराकडच्या, तुमच्यावर काय भरवसा? ...बांदा. शिमिट पक्कं बसू द्या. परत परत कोन ह्यो खेळ करनार हाय? पर सोडायच्या वक्ताला ह्यास्नी आत घ्या.

डॉ. क्रांती : आजी, आत कुणालाही घेत नाही.

धोंडुबाई : मी काय नाग बगायला बोलवत न्हाई. गाठ सोडायला त्यांचा हात बरा हाय. माज्यापेक्षा त्यास्नीच पयलं कळतंय, पाय दुकतोय म्हनून.

डॉ. क्रांती : खरंच नाही घेता येत. फार तर थिएटरच्या दाराशी बसू देते. पट्टा सोडला की सिस्टर बाहेर येऊन त्यांना सांगेल.

नानासो : बसतो की. दाराशी बसतो.

डॉ. क्रांती : वेळ लागेल, आजोबा. खाली कँटीन आहे.

धोंडुबाई : कुटं च्याला जाऊ नगासा. दाराशीच ऱ्हावा.